थर्माकोलमध्ये उकडलेला मोगरा

या, असे जवळ सरकून बसा. दिवाळी अंक हातात आला की तुम्ही आधी राशिभविष्य काढता, मग पाककृती, मग व्यंगचित्रं, आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्या बाईचा लेख राहतो तो थेट रद्दी घालायच्या दिवसापर्यंत. नाही म्हणू नका, मला माहीत आहे, कारण मीही तेच करते. पण आज या पानावर आलाच आहात तर अर्ध्यातून उठून जायचं नाही. वर्गात मी कुणाला उठू दिलं नाही, इथेही देणार नाही.

मी अकोल्याच्या एका शाळेत कार्यानुभव शिकवत होते. कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला तो तास, ज्यात गणिताचे सर आपलं मागे राहिलेलं प्रकरण उरकून घेतात. ‘बाई, आजचा तास मला द्या ना, नाहीतरी तुमचं काय ते कागदाचे पंखे,’ असं म्हणत यायचे बिचारे. मी देत नसे. त्यामुळे शिक्षकखोलीत माझा फार लाड नव्हता.

माझ्या तासाला कागदाचे पंखे नव्हते. दोन प्रश्न होते. ही वस्तू कशाची आहे? आणि काहून? म्हणजे तिच्यासाठी तेच काहून घेतलं, दुसरं काहून नाही? आता पुण्याकडच्या वाचकांनी ‘काहून’ म्हणजे ‘का’ समजून घ्यावं, वऱ्हाडात आम्हाला एवढ्याशा ‘का’मध्ये पुरेसं विचारल्यासारखं वाटत नाही. कुकर अॅल्युमिनियमचा, मग त्याची मूठ काळ्या प्लास्टिकची काहून? आतलं कडं रबराचं काहून? पहिल्या दिवशी एक पोरगा उभा राहून म्हणाला, “बाई, दुकानात तसंच भेटते म्हणून.” मी म्हटलं, “उद्या कुकरची मूठ काढून कुकर उतरव, मग सांग.” पोरांनी माझं नाव काहूनबाई पाडलं. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा एकदा चुकून त्याच नावानं हाक मारून बसल्या, आणि मी चुकून ओ दिली.

हे सगळं मी शिकले कुठे, विचाराल. कॉलेजात नाही. माझं माहेर चांदूर बाजारकडचं, भाजीपाल्याच्या वाडीतलं. लग्न होऊन अकोल्यात आले ती सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात. दुपारी सासरे जेवून लवंडले की दुकानावर मी. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, खिळे द्या. आता नुसते खिळे कसे द्यायचे? भिंतीत ठोकणार की सागात, की जस्ताच्या पत्र्यात? मी विचारत राहायची, गिऱ्हाईक वैतागायचं, पण खिळा बरोबर जायचा. दुकानात जे कळलं नाही ते जुन्या बाजारातून पुस्तकं आणून वाचलं, पुस्तकात जे कळलं नाही ते वेल्डिंगवाल्याच्या डोक्याशी उभं राहून विचारलं. एक दिवस त्या शाळेच्या मुख्याध्यापिका कुलूप घ्यायला आल्या. मी त्यांना कुलपाच्या पोटात काय काय असतं आणि पितळेचं काय नि लोखंडाचं काय हे सांगत बसले. त्या कुलूप विसरून गेल्या आणि मला घेऊन गेल्या. परीक्षाबिरीक्षा मी नंतर दिल्या, नोकरी पक्की करायला.

आज मला सांगायची आहे ती पल्लवीची गोष्ट. या पोरीचं पुढचं शिक्षण एका खोक्यावर अडकलं होतं. खोकं जमलं तर अमरावती, नाही जमलं तर बाजारातली फुलांची पाटी. पण त्याआधी माझ्या शिकवण्यानं लोकांच्या घरात काय काय होत असे ते एकदा ऐकून घ्या, म्हणजे मला घाबरून असणारे पालक तुम्हाला खोटे वाटणार नाहीत.

एक वकीलसाहेब होते, त्यांची मुलगी ऋचा माझ्या आठवीत. वर्गात मी सांगितलं होतं की चांदीतून उष्णता भराभर जाते. गरम चहात चांदीचा चमचा बुडवला तर वरचं टोक लगेच बोटाला चटका देतं, आणि जर्मन सिल्व्हरचा चमचा मख्खासारखा गार राहतो, कारण त्यात चांदी औषधालाही नसते. झालं. ऋचा घरी गेली. घरी आत्या आलेली, चहा चाललेला. पोरीनं देवघरातली पळी आणली, आत्यानंच सत्यनारायणाला दिलेली, आणि सगळ्यांसमोर आपल्या कपात बुडवली. थोडा वेळ बोट लावून बसली आणि म्हणाली, “आई, आत्याची पळी तापतच नाही.”

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब शाळेत. आवाज कोर्टातला. “बाई, तुम्ही शिकवता ते शास्त्र खरं असेल. पण राखीपौर्णिमेला मी आता बहिणीकडे कोणत्या तोंडानं जाऊ?”

“तुम्ही कशाला, ऋचाला पाठवा,” मी म्हटलं.

आणि गंमत बघा, आत्याबाईच ऋचाला बोलवून घेऊन गेल्या. त्यांना सोनारानं फसवलं होतं, त्यांना काय माहीत. सगळी भांडी बाहेर काढून पोरीला बसवलं आणि दिवसभर चहा उकळत ठेवला. वकीलसाहेबांची राखी सुखरूप पार पडली. सोनाराचं काय झालं ते मला विचारू नका.

तर अशी घराघरात भांडणं लावत माझा विषय चालायचा. त्यात आमचा भाग असा की दर दहा-वीस कोसांवर उत्तर बदलतं. पूर्णेच्या काठच्या खारपाण पट्ट्यातली पोरं सांगायची, आमच्याकडे पत्र्याचा कूलर लवकरच गळतो, पाण्यात मीठ आहे. पातूरकडची म्हणायची, आमचा तर आजोबांच्या वेळचा आहे. दोघांचं खरं. म्हणून मी पोरांना सांगायची, वस्तू चांगली की वाईट हे विचारूच नका. कुठे, कशासाठी, कोणाच्या हातात, ते विचारा. आता हे वाक्य किती सोपं आहे, आणि ते पुढे मलाच किती अवघड गेलं, ते बघा.

पल्लवी पातूरच्या अलीकडच्या गावची. घरी फुलशेती. बाप शेतात राबायचा, माय कळ्या तोडायची, आणि सगळ्या घराचा कारभार होता आजीच्या हातात. आजी रोज सकाळी काळीपिवळी जीपमधून फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात यायची. पल्लवी तिच्याबरोबर यायची, शाळेत जायची, शाळा सुटली की आजीशेजारी बसून गजरे ओवायची आणि रात्री दोघी परत. पोरीची बोटं सुईपेक्षा जलद. वर्गात मात्र तिला वेड लागलं होतं प्लास्टिकचं. एकच प्लास्टिक बादलीत कडक, पिशवीत लोंबतं आणि ठिबकच्या नळीत उन्हात तग धरून राहतं, हे काहून, हे तिच्या डोक्यातून जाईना. दहावीची परीक्षा झाली आणि ती म्हणाली, बाई, अमरावतीला तंत्रनिकेतनात प्लास्टिकचा डिप्लोमा आहे, मले तिथं जायचं आहे. पण आजी नाही म्हणते.

मी गेले आजीला भेटायला. बाजारात कडुनिंबाखाली तिची जागा. ओवता ओवता मान वर न करता म्हणाली, “बसा बाई. गजरा पाह्यजे का भांडन?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मंग आधी गजरा घ्या. भांडल्यावर लोकं घेत नाही.” गजरा माझ्या हातात ठेवून पुढे म्हणाली, “पोट्टी म्हनते, प्लास्टिक शिकाले अमरावतीले जातो. काहून? घरात कमी हाये काय प्लास्टिक?”

“आजी, कोणतं प्लास्टिक कशासाठी वापरायचं, ते कसं घडवायचं, असं सगळं शिकवतात तिथं.”

“थे मलेबी समजते. बालटी पान्यासाठी, कॅरेट संत्र्यासाठी. झालं शिकून.”

पल्लवी बाजूला बसून हसू दाबत होती. आजीनं ते बघितलं आणि तिचा सूर बदलला. “बाई, तुमी येवढं कशाचं-काहून शिकोता, तं माहं एक काम करा. माह्या कळ्या घरून निंगतेत तवा मुठीसारख्या बंद असतेत. अकोल्याची झळ लागली का तोंड उघडून बसतेत, आन दिवे लागाच्या टायमाले माना टाकतेत. गिऱ्हाईक तं तवाच येते. हे पोट्टी माह्या कळ्या दिवे लागेस्तोवर बंद ठेवून दाखवन, तं जाऊ दे तिले अमरावतीले. पन मिरगाच्या आत. मिरग लागला का मोगरा संपला, आन हे बोलनंबी संपलं.”

मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, अजून लांब होता. मला वाटलं जिंकलो. पल्लवीलाही वाटलं. आम्ही दोघी किती शहाण्या होतो ते लगेचच कळलं.

पल्लवीनं मला न विचारताच पहिला डाव टाकला. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण वस्तू बिघडल्याशिवाय बोलत नाही असं माझं मत आहे. औषधाच्या दुकानातून तिनं इंजेक्शनं येतात तसलं थर्माकोलचं खोकं आणलं. तळाला कुल्फीवाल्याकडचा बर्फ, वर कळ्या, आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. थर्माकोल ऊन आत येऊ देत नाही, हे तिनं माझ्याच वहीत लिहिलं होतं. दुपारी बाजारात खोकं उघडलं तर आतून भाजीच्या डब्यासारखी वाफ आली. तळच्या कळ्या बर्फाला लागून काळ्या, वरच्या पिवळ्या, मऊ. शेजारची झेंडूवाली डोकावून म्हणाली, “मोगरा उकडून आनला का वं?”

आजी शांतपणे म्हणाली, “उद्या इडलीबी आनजो, पोरी. त्याच खोक्यात होऊन जाईन.”

पोरगी रडत माझ्या घरी आली. मी म्हटलं, आधी रडून घे, मग काहून ते सांग. रडणं झाल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. तोडलेली कळी मेलेली नसते, ती श्वास घेत असते, आणि ढिगानं भरली की ढीग आतून तापतो. थर्माकोलला आत-बाहेर कळत नाही. बाहेरची ऊब आत येऊ देत नाही तशीच आतली बाहेर जाऊ देत नाही. त्यात बर्फाचं पाणी, वरून चिकटपट्टी. दम कोंडून पोरीनं आपल्याच मोगऱ्याचा भात केला.

“म्हणजे बंद नको, उघडं पाह्यजे,” ती म्हणाली.

“उघडं ठेवलं तर झळ लागते, म्हणून तर सगळी भानगड.”

ती माझ्या खोलीतल्या कूलरकडे बघत बसली. मी काही बोलले नाही. शिकवण्याच्या धंद्यात सगळ्यात कठीण काम तेच आहे.

जिथे उन्हाळा म्हणजे आंबे आणि सुट्टी एवढंच असतं, तिथल्या वाचकांसाठी सांगते. वऱ्हाडात उन्हाळ्यात घराच्या खिडकीला कूलर असतो. पत्र्याची मोठी पेटी, तिला तीन बाजूंनी गवतासारख्या लाकडी काथ्याच्या ताट्या, ताट्यांवर पाणी ठिबकतं, आत पंखा. बाहेरची कोरडी, भाजणारी हवा ओल्या ताटीतून ओढली जाते, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि घरात गार वारा येतो. मुंबईत हा कूलर चालत नाही, तिथली हवा आधीच घामट. तो आमच्यासाठीच केलेला आहे. जेवढी झळ जास्त तेवढा तो खूश.

तर पल्लवीनं एक मोठं कॅरेट घेतलं, संत्र्याचं, चारी बाजूंनी भोकाभोकांचं. त्याच्या आत लहान कॅरेट, त्यात कळ्या सुट्या पसरून. दोन्हींच्या मध्ये कूलरच्या नव्या ताट्या कापून बसवल्या आणि ओल्या केल्या. पंखा? पंखा म्हणजे काळीपिवळी. कॅरेट जीपच्या टपावर बांधायचं, गाडी पळेल तसा वारा लागेल. बाजारात पोचल्यावर कडुनिंबाखाली झळ आहेच. वरून ऊन लागू नये म्हणून पांढरं कापड हवं होतं, तर आजीनंच ट्रंकेतून आपल्या नवऱ्याचं जुनं धोतर काढून दिलं. म्हणाली, “जित्तेपनी बुढा कवा बाजारात आला नाही. आता जाऊ दे.”

जीपवाल्यानं कुरकुर केली, मावशी, काचेवर पानी टपकून राह्यलं. आजीनं त्याला सांगितलं, पुसाचं.

त्या दिवशी दुपारी मी मुद्दाम बाजारात जाऊन बसले. आजीनं धोतर बाजूला केलं आणि हात आत घातला. ती कळ्या बघत नाही, तळहातावर घेऊन जोखते. तिच्या कपाळावरची आठी हलली नाही, पण हात बराच वेळ बाहेर आला नाही, त्यावरून मला कळलं. गारेगार. कळ्या मुठीसारख्या बंद. पल्लवी माझ्या पदराला धरून उभी. दिवे लागले, पहिली गिऱ्हाईक बाई आली, गजरा नाकाला लावला, लांब धरला, पुन्हा लावला.

“आजी, हा मोगरा हाये का कूलर?”

नवीन ताट्यांचा वास. उन्हाळ्यात पहिल्यांदा कूलर सुरू केला की घरभर सुटतो तो. अकोल्यात तो वास कुणाला माहीत नाही? मोगरा बिचारा अंगाला येईल तो वास शोषून घेतो. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. बाजारभर झालं ना, आजीकडे कूलरचे गजरे भेटतात. एकानं तर विचारलं, स्टँडसहित किती?

आजी मात्र त्या दिवशी पल्लवीला काही बोलली नाही. ती न बोलल्यामुळे मी जास्त घाबरले. पश्चिमेला ढग दिसायला लागले होते, मिरग लांब नव्हता, आणि प्रवेशाची मुदतही त्याच सुमाराला संपत होती.

तिसऱ्या वेळी मी माझ्या सासरच्या माळ्यावर चढले. तिथे सासऱ्यांच्या वेळच्या वाळ्याच्या ताट्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. वाळा म्हणजे सुगंधी गवताची मुळं. पूर्वी दारा-खिडक्यांना तेच लावत. आता कोणी घेत नाही, लाकडी काथ्या स्वस्त आहे, वाळा कचरा करतो, उंदीर नेतात. आमच्या माळ्यावरच्या उंदरांनीही आपला वाटा घेतला होता, पण दोन कॅरेटपुरता उरला होता. काथ्या वाईट आणि वाळा चांगला, असं समजू नका. घर गार करायला काथ्या ठीकच आहे. मोगऱ्याच्या शेजारी बसवायचं म्हटलं की वाळा, एवढंच.

वाळा बसवला त्या दिवशी गजरे दिवे लागताच खपले. लोक विचारत होते, “आजी, अत्तर मारलं का?” आजी डोळाही न लववता सांगत होती, “घरचं हाये.” झेंडूवाली जवळ येऊन वास घेऊन गेली आणि काही न बोलता गेली, हे आमच्या बाजारात हार घालण्यासारखं आहे.

मी आजीकडे बघितलं. म्हटलं, “मग? झालं ना ठरल्याप्रमाणे?”

आजीनं गजऱ्याची गाठ मारली. “बाई, तुमी दुपारपासून बसल्या हा. पोट्टी किती वेळा उठली थे पाह्यलं का?”

मी पाहिलं होतं, पण मोजलं नव्हतं. दर थोड्या वेळानं पल्लवी उठत होती, हापशीवरून लोटा भरून आणत होती आणि ताट्यांवर ओतत होती. झळ चांगली, म्हणजे वाळा भराभर वाळतो.

“हे खोकं लय चांगलं झालं,” आजी म्हणाली. “आता मले सांगा, हे गेली अमरावतीले तं याले वलं कोन करन? मी एका हातानं ओवू का दुसऱ्या हातानं पानी आनू? पयले तिची गरज होती थे एका कामाची. आता दोन कामाची झाली.”

 इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले की वस्तू कोणाच्या हातात जाणार आहे ते आधी बघा. आणि आम्ही दोघींनी कळ्यांचा विचार केला, उन्हाचा केला, वासाचा केला. ज्या म्हातारीच्या हातात ते खोकं राहणार होतं तिच्या हातांचा केलाच नाही. पल्लवी लोटा पालथा घालून बसली. मला वाटलं, संपलं.

पुढचे दिवस ती माझ्याकडे आली नाही. नंतर कळलं ते असं. ताट्या आपोआप ओल्या कशा राहतील, ते तिनं घरी जाऊन बापाला विचारलं, आणि बापानं उठून वाडीतली ठिबकची एक नळी कापून तिच्या हातात दिली. फुलांना थेंब थेंब पाणी देतात ती काळी नळी. आईच्या शब्दाबाहेर कधी न गेलेल्या माणसानं आईला न विचारता उभ्या पिकातली नळी कापली. आमच्याकडे याला बंड म्हणतात.

मिरगाच्या तोंडावरची दुपार. आभाळ भरून येत होतं आणि जात होतं. मी बाजारात गेले तर कडुनिंबाच्या फांदीला पाण्याचा कॅन टांगलेला, त्याच्या तोटीला ती नळी, आणि नळी कॅरेटभोवती वेटोळं घालून ताट्यांवर बसवलेली. थेंब पडत होते. पल्लवी आजीपासून जरा दूर, दगडावर, हात मांडीत घेऊन बसलेली. ओवत नव्हती, उठत नव्हती, माझ्याकडेसुद्धा बघत नव्हती. त्या पोरीला मी कधी रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“आज संप हाये तिचा,” आजी मला म्हणाली. “सकाऊन आली तशी बसली हाये. कॅन भरला, टांगला, आन बसली.”

मीही बसले. गजरे आजी एकटीच ओवत होती. सावकाश, पण होत होते. थेंब पडतच राहिले. कॅन अर्धाही झाला नाही. दिवे लागायच्या वेळी आजीनं धोतर बाजूला केलं, हात आत घातला, एक मूठ कळ्या काढल्या, जोखल्या, परत ठेवल्या. मग वर त्या कॅनकडे बघितलं, नळीवरून बोट फिरवलं, आणि पल्लवीला विचारलं, “हे आपलं आपलंच होते?”

“हो.”

“सकाऊन एकडाव भरला का झालं?”

“झालं. जीपवाला टांगून देते म्हने. त्याले विचारलं मी.”

“मंग तुही काय गरज?”

“तेच तं सांगून राह्यली, आजी.”

 आजीनं सुईत दोरा ओवला. एक कळी ओवली, दुसरी ओवली, तो गजरा पूर्ण केला. दोरा दातानं तोडला.

“गरज तं हाये,” ती म्हणाली. “तरीबी जाय.”

आणि लगेच माझ्याकडे वळून, “तुमी काय पाहून राह्यल्या बाई? गिऱ्हाईक आलं, सरका तिकडं.”

पल्लवी अमरावतीला गेली. डिप्लोमा झाला, आता ती भाजीपाला आणि फळं लांब पाठवायची खोकी बनवतात अशा कारखान्यात आहे. आमच्याच भागात नाही, दूर. सणाला येते, आणि आली की आजीच्या खोक्याचे सगळे सांधे तपासते. आजीचे गजरे अजून जातात. खोकं नीट चालतं, म्हणून आजी पोरीला बोलावत नाही. कधी कधी मला वाटतं, एवढं नीट नसतं चाललं तरी चाललं असतं.

आणखी एक सांगते, मग सोडते तुम्हाला. पल्लवीच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला पल्लवीच्या आधी उत्तर यायचं. त्याच मिरगात तिचं लग्न लावून दिलं. तिच्या घरच्यांनी काही अट घातली नव्हती. आजीसारखी एखादी अट घातली असती तर मी माळ्यावरच काय, टॉवरवर चढले असते. अट नव्हती, म्हणून मला तिच्यासाठी काही बनवता आलं नाही. अशा पोरी पल्लवीपेक्षा जास्त होत्या. त्यांची नावं इथे लिहीत नाही, त्यांच्या घरी अंक जातात.

शाळेत आता माझा तास नाही. त्या जागी संगणक आला, ते ठीकच झालं, संगणकही कशाचा तरी बनलेला असतोच. कोणीतरी तेवढं विचारलं म्हणजे झालं. गणिताच्या नव्या सरांना मात्र तो तास अजूनही मिळालेला नाही असं ऐकते, आणि ऐकून मला बरं वाटतं.

मी आता लेकाकडे अमरावतीला असते. दुपारची झोप मला येत नाही, आणि लेक-सून दोघं कामावर. तेव्हा फराळ शिळा व्हायच्या आत या. येताना कळवू नका, काही आणू नका. दार लोटलेलंच असतं, आत येऊन हाक मारा. मी मागच्या अंगणात असेन.